पेटाफ्लॉप मोजले, गळती कोण मोजणार?

20 फेब्रुवारी 2024 रोजी पंतप्रधानांनी जम्मू येथील समारंभातून ज्या उच्चशिक्षण संस्थांचे स्थायी परिसर राष्ट्राला अर्पण केले, त्यांत भिलाईची आयआयटी होती. 2016 पासून रायपूरच्या उसन्या जागेत नांदणाऱ्या या संस्थेला दुर्ग जिल्ह्यातील कुटेलाभाठा येथे हक्काचे घर मिळाले. त्याच वर्षीच्या 26 सप्टेंबरला ‘परम रुद्र’ नावाचे तीन महासंगणक पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथे कार्यान्वित झाले. खर्च 130 कोटी रुपये. हवामानाच्या अंदाजासाठीची ‘अर्क’ आणि ‘अरुणिका’ ही जोडीही त्याच दिवशी देशासमोर आली. खर्च 850 कोटी रुपये. कोटींचे आकडे छापले गेले, पेटाफ्लॉपचे आकडे छापले गेले, फीत कापतानाची छायाचित्रे छापली गेली. या यंत्रांवर जे प्रोग्राम चालणार ते कोणी तपासले, कशाने तपासले आणि किती तास चालवून तपासले, हे विचारण्याची सवय मात्र भारतीय विज्ञानवार्तेला अजून लागलेली नाही. वार्ताहर विचारत नाहीत म्हणून संस्था सांगत नाहीत, आणि संस्था सांगत नाहीत म्हणून अशी काही तपासणी असते हेच वाचकाला कळत नाही.

ज्या भिलाईत ही नवी आयआयटी उभी राहिली, त्या गावाला तपासणी नवी नाही. पोलाद कारखान्याचा सोव्हिएत संघाशी करार 2 फेब्रुवारी 1955 रोजी झाला, तेव्हा दुर्ग जिल्हा ज्या राज्यात होता त्याची राजधानी नागपूर होती. फेब्रुवारी 1959 मध्ये पहिली झोतभट्टी पेटली आणि पुढे देशाच्या लोहमार्गाचा कणा इथेच घडत गेला. आज इथे 130 मीटर लांबीचा अखंड रूळ लाटला जातो. असे दोन जोडून 260 मीटरची पट्टी रवाना होते. हा रूळ डोळ्यांना गुळगुळीत दिसतो म्हणून कोणी तो रेल्वेच्या हवाली करत नाही. द्रवरूप पोलादात विरघळलेला हायड्रोजन दशलक्षात 1.6 भागांपेक्षा जास्त चालत नाही, कारण थंड होताना तोच वायू आतल्या आत केसासारख्या भेगा पाडतो. मग रुळातून ध्वनीपलीकडच्या लहरी सोडतात, आणि जी भेग पृष्ठभागावर कधीच आली नसती तिचा प्रतिध्वनी पडद्यावर उमटतो. शिवाय माल पास करणारा निरीक्षक कारखान्याचा नसतो, ग्राहकाच्या वतीने आलेला असतो. तुटलेला रूळ काय करतो हे 26 नोव्हेंबर 1998 च्या पहाटे पंजाबातील खन्ना येथे दिसले. रूळ तुटून एक गाडी घसरली, समोरून आलेली दुसरी तिच्यावर आदळली आणि 212 माणसे मेली.

पोलादाला लावलेली ही शिस्त संगणकाच्या प्रोग्रामला का लावली जात नाही, याचे एक कारण संगणकाच्या वर्गातच पेरले जाते. पायथन शिकवताना पहिल्या आठवड्यात विद्यार्थ्याला सांगितले जाते की सी भाषेत मेमरी हाताने मागावी आणि हाताने परत करावी लागते. पायथन, पर्ल, रुबी, आर या स्क्रिप्ट भाषांत ती चिंता नाही, भाषाच ते पाहते. डिसेंबर 2023 मध्ये अमेरिकेच्या सायबरसुरक्षा संस्थेने मित्रदेशांसह काढलेल्या पुस्तिकेतही मेमरीच्या दृष्टीने सुरक्षित भाषांच्या यादीत पायथनचे नाव आले. हे विधान अर्धे खरे आहे, आणि अर्धे खरे विधान निखळ खोट्यापेक्षा जास्त काळ टिकते.

पायथनमध्ये लिहिलेली ओळ यंत्राला थेट समजत नाही. ती वाचून पार पाडणारा इंटरप्रिटर असतो, आणि सर्वत्र वापरला जाणारा इंटरप्रिटर सी भाषेतच लिहिलेला आहे. त्यातील प्रत्येक वस्तूच्या, म्हणजे प्रत्येक आकड्याच्या, शब्दाच्या आणि यादीच्या, डोक्यावर एक मोजणी असते: या वस्तूकडे सध्या किती जण बोट दाखवत आहेत. मोजणी शून्यावर आली की मेमरी मोकळी. दोन वस्तू एकमेकींकडेच बोट दाखवत राहिल्या तर मोजणी शून्यावर येत नाही. अशी वेढोळी शोधून मोडणारी यंत्रणा 2000 साली पायथन 2.0 मध्ये आली. इथपर्यंत वर्गात सांगितलेले खरे आहे. पण वैज्ञानिक गणित करणारा कोणीही शुद्ध पायथनवर थांबत नाही. तो नमपाय घेतो, प्रतिमा वाचणारे ग्रंथालय घेतो, प्रयोगशाळेतल्या उपकरणाचा चालक घेतो, आणि या सर्वांचा गाभा सी, सी++ किंवा फोरट्रानचा असतो. त्या गाभ्यात मोजणी वाढवणे आणि कमी करणे हे हातानेच करावे लागते. कमी करायची राहिली की मेमरी गळते. एकदा जास्त कमी केली की वापरात असलेलीच वस्तू पायाखालून काढून घेतली जाते, आणि तिच्या जागी दुसरे काही आले की प्रोग्राम मुकाट्याने ते दुसरेच वाचू लागतो.

गळतीने निदान काम थांबते. महासंगणकावर तीन दिवसांचे काम अडीच दिवसांनी मेमरी संपून मरते, रांगेत मिळालेला वेळ वाया जातो, संशोधक चरफडतो आणि पुन्हा रांगेत उभा राहतो. चुकीच्या जागचे वाचणारा प्रोग्राम मात्र थांबेलच असे नाही. तो आकडा देतो, आकड्याचा आलेख होतो आणि आलेखाचा शोधनिबंध. स्क्रिप्टने मुकाट्याने चुकीचा आकडा देणे ही कल्पनेतली भीती नाही. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या रसायनशास्त्रातील एका पद्धतीसोबत दिलेल्या पायथन स्क्रिप्ट वेगवेगळ्या संगणकप्रणालींवर वेगवेगळी उत्तरे देत असल्याचे 2019 मध्ये हवाई विद्यापीठातील संशोधकांनी दाखवले. तिथला दोष मेमरीचा नव्हता, फायली कोणत्या क्रमाने वाचल्या जातात याविषयीच्या गृहीतकाचा होता. तरी पाच वर्षे ती स्क्रिप्ट जगभर वापरली गेली आणि कोणाला शंका आली नाही, ही गोष्ट मेमरीच्या दोषालाही तशीच लागू पडते.

19 जुलै 2024 चा शुक्रवार वाचकांना आठवत असेल. भारतातील विमानतळांवर त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा प्रणालीने नियमांची एक नवी फाईल जगभर पाठवली होती, आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार 85 लाख संगणक निळ्या पडद्यावर अडकले. ती फाईल म्हणजे प्रोग्राम नव्हता. प्रणालीच्या पोटातील एक अर्थबोधक ती वाचून अमलात आणत असे, म्हणजे स्क्रिप्ट आणि इंटरप्रिटर यांचेच नाते. नियम 21 रकान्यांचा होता, प्रत्यक्षात माहिती 20 रकान्यांची पुरवली जात होती. एकविसावा रकाना वाचायला निघालेला अर्थबोधक आपल्या हद्दीबाहेरच्या मेमरीत शिरला आणि त्याच्यासह सगळे यंत्र कोसळले. चाचण्या झाल्या होत्या. मात्र त्या चाचण्यांत एकविसाव्या रकान्यात ‘काहीही चालेल’ अशी खूण असल्याने तो कधी वाचलाच गेला नव्हता. चाचणी झाली, या दोन शब्दांवर समाधान मानणाऱ्यांनी ही हकीकत कपाटावर चिकटवून ठेवावी.

चाचणी करणे आणि दोष सापडणे यांत किती अंतर असते हे स्क्रिप्ट भाषांच्या बाबतीत विशेष जाणवते. मेमरीचे दोष शोधण्याचे सर्वांत परिचित साधन व्हॅलग्रिंड. ज्युलियन सीवर्ड यांनी ते 2002 मध्ये लोकांसमोर आणले. प्रोग्रामने मागितलेला मेमरीचा प्रत्येक तुकडा ते नोंदवते आणि कोणी हद्द ओलांडली, कोणी न भरलेले वाचले, कोणी परत केले नाही, याचा पाढा शेवटी वाचते. सी भाषेच्या प्रोग्रामवर ते उत्तम चालते. आता तेच साधन पायथनच्या प्रोग्रामवर सरळ चालवले तर काय होते? पायथन लहान वस्तूंसाठी दर वेळी प्रणालीकडे हात पसरत नाही. तो घाऊक व्यापाऱ्यासारखा मेमरीचा मोठा साठा, पूर्वी 256 किलोबाइटचा आणि अलीकडे एक मेगाबाइटचा, एकदम उचलतो आणि 512 बाइटपर्यंतच्या वस्तू त्यातून किरकोळीने वाटतो. व्हॅलग्रिंडला दिसतो तो घाऊक व्यवहार. किरकोळ विक्रीत कोणी शेजाऱ्याच्या पुडीत हात घातला तर साठ्याच्या आतलीच ती घडामोड असते, आणि तपासनीस बाहेर दारात उभा असतो. अहवाल स्वच्छ येतो. तो अहवाल प्रबंधाला जोडला जातो.

ही किरकोळ वाटणी बंद करून प्रत्येक वस्तूसाठी थेट प्रणालीकडे मेमरी मागायला लावणारी सोय पायथन 3.6 मध्ये, 2016 साली आली. ‘पायथनमॅलॉक’ या चलाला ‘मॅलॉक’ हे मूल्य द्यायचे, बस्स. एका ओळीचे काम. ही ओळ न लिहिता केलेली व्हॅलग्रिंडची चाचणी म्हणजे रंग दिलेल्या रुळाकडे पाहून तो आतून धड आहे असे म्हणणे होय. भारतातील अभ्यासक्रमांत ही ओळ किती ठिकाणी शिकवली जाते, हा प्रश्न संस्थांच्या क्रमवारीत गुण मिळवून देत नाही, म्हणून विचारला जात नाही.

उलट्या टोकाचा दोषही आहे. मेमरी मोकळी करायला इंटरप्रिटर शेवटी फारसा थांबत नाही. प्रक्रिया संपतेच आहे, तर प्रणाली सगळे परत घेईलच, असा त्याचा हिशेब असतो. परिणामी साधन शेकडो तक्रारी ओकते आणि त्यांतील बहुतेक निरुपद्रवी असतात. त्या गप्प करण्यासाठी पायथनच्या मूळ संचातच व्हॅलग्रिंडसाठी वगळायच्या तक्रारींची एक फाईल दिलेली असते. पर्लमध्ये त्याऐवजी इंटरप्रिटरला शेवटी नीट आवराआवर करायला लावणारे एक चल असते. ही साधने आवश्यक आहेत, पण वगळण्याची फाईल न वाचता वाढवत नेणे म्हणजे धुराचा इशारा देणारी घंटा कापडात गुंडाळणे.

तक्रार गप्प करण्याच्या घाईची किंमत डेबियनने मोजलेली आहे. ओपनएसएसएल या ग्रंथालयावर न भरलेल्या मेमरीच्या तक्रारी येत होत्या, म्हणून 2006 मध्ये डेबियनच्या संचातून दोन ओळी काढल्या गेल्या. त्यांतील एक खरोखर निरुपद्रवी होती. दुसरी मात्र गुप्त किल्ल्यांत यादृच्छिकता ओतणारी मुख्य ओळ होती. ती गेल्यावर किल्लीचे सगळे वैविध्य प्रक्रिया-क्रमांकापुरते, म्हणजे 32,768 शक्यतांपुरते उरले. हे मे 2008 मध्ये उघडकीस आले, तोवर दोन वर्षे जगभर अशा किल्ल्या घडवल्या गेल्या होत्या. साधन चुकले नव्हते. साधनाचा अहवाल समजून घेणारा माणूस नव्हता. म्हणूनच तपासणीसाठी साधन विकत घेणे पुरत नाही (ही साधने तर फुकट आहेत). ती वाचू शकणाऱ्या माणसाचा पगार द्यावा लागतो, आणि प्रकल्पाच्या अंदाजपत्रकातून सर्वांत आधी गळते ते हेच पद.

गळतीचा आणखी एक प्रकार आहे, ज्यात सी भाषेचा काहीच दोष नसतो. 8 ऑक्टोबर 2005 रोजी अमेरिकेच्या मोहावी वाळवंटात चालकाविना धावणाऱ्या गाड्यांची स्पर्धा झाली. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांची गाडी सी शार्प भाषेच्या प्रोग्रामवर चालत होती. ही भाषाही मेमरीची काळजी आपणच घेते. वाटेत दिसलेले अडथळे मागे पडले की यादीतून काढले जात होते. परंतु प्रत्येक अडथळ्याने एका घटनेच्या सूचनेसाठी आपले नाव नोंदवले होते आणि ती नोंद कोणी रद्द करत नव्हते. भाषेच्या हिशेबाने त्या अडथळ्याकडे अजून कोणीतरी बोट दाखवत होते, म्हणून तो कचरा नव्हता. मागे पडलेले प्रत्येक झुडूप गाडी पाठीवर घेऊन धावत राहिली आणि शर्यत पूर्ण होण्याच्या कितीतरी आधी बंद पडली. नंतर मेमरीची मोजदाद करणारे साधन लावले तेव्हा दोष लगेच सापडला. वरातीमागून घोडे!

पायथनमध्ये अशी मोजदाद करण्याची सोय 2014 पासून, म्हणजे 3.4 या आवृत्तीपासून अंगभूत आहे. ‘ट्रेसमॅलॉक’ चालू करायचे, एक काम काही वेळा करून यंत्र ऊबेला आणायचे, मेमरीचे चित्र घ्यायचे, तेच काम आणखी काही वेळा करायचे, दुसरे चित्र घ्यायचे आणि वजाबाकी करायची. कोणत्या ओळीने मागितलेली मेमरी वाढत चालली आहे ते समोर येते. पायथन घडवणारे स्वतः आपल्या चाचण्या याच तत्त्वाने चालवतात: आधीच्या फेऱ्या सोडून द्यायच्या, पुढच्या फेऱ्यांत संदर्भांची मोजणी वाढते का ते पाहायचे. पहिल्या फेऱ्या सोडणे महत्त्वाचे, कारण सुरुवातीला प्रोग्राम काही गोष्टी कायमच्या साठवतोच. ती गळती नव्हे.

अशा चाचण्यांविरुद्ध पहिला आक्षेप वेळेचा असतो. व्हॅलग्रिंडखाली प्रोग्राम दहा ते पन्नास पट संथ चालतो हे खरे. पण संपूर्ण हवामानाचे प्रतिमान त्याखाली चालवा असे कोणी म्हणत नाही. लहान नमुना चालवावा. शिवाय 2012 पासून गूगलच्या अभियंत्यांनी दिलेला ॲड्रेस सॅनिटायझर उपलब्ध आहे, ज्याने वेग साधारण निम्मा होतो. पेटाफ्लॉप विकत घेणाऱ्या देशाला वेग निम्मा करून एक रात्र घालवणे परवडत नाही, हा युक्तिवाद ऐकायलाही संकोच वाटावा असा आहे.

दुसरा आक्षेप जास्त कावेबाज आहे: गळत असेल तर प्रोग्राम पुन्हा सुरू करा. हा उपाय इतका रूढ झाला आहे की पायथनच्या संकेतस्थळांसाठी वापरल्या जाणाऱ्या गुनिकॉर्न या सर्व्हरमध्ये ठरावीक विनंत्यांनंतर कामगार-प्रक्रिया मारून नवी उभी करण्याची सोयच आहे, आणि मेमरीच्या गळतीने होणारे नुकसान मर्यादित ठेवण्याचा हा सोपा मार्ग असल्याचे त्याच्या माहितीपत्रात प्रांजळपणे लिहिलेले आहे. बादली भरली की ओतून यायची, छत तसेच. संकेतस्थळाला ते चालून जाते. 22 ऑक्टोबर 2012 रोजी ॲमेझॉनच्या सर्व्हरांवर माहिती गोळा करणाऱ्या एका सहायक प्रोग्रामची अशीच सुप्त गळती वर आली आणि अमेरिकेतील अनेक मोठी संकेतस्थळे तासन्‌तास बंद पडली. तिथे बादली कोणी पाहत नव्हते.

भिलाईच्या आयआयटीला हा मुद्दा दूरचा नाही. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने 3,660 कोटी रुपयांच्या राष्ट्रीय अभियानातून देशभर जी 25 तंत्रज्ञान केंद्रे उभारली, त्यांतील वित्तीय तंत्रज्ञानाचे केंद्र भिलाईत आहे. ऑगस्ट 2023 मध्ये यूपीआयवरील व्यवहारांनी एका महिन्यात प्रथमच 1,000 कोटींचा टप्पा ओलांडला. एका व्यवहारामागे 64 बाइट सांडले, तर या संख्येला महिन्याचे 640 गिगाबाइट होतात. ते एकाच यंत्रावर सांडत नाहीत हे उघड आहे. पण थेंबे थेंबे तळे साचते ते असेच, आणि साचते तेव्हा नेमके पगाराच्या किंवा सणाच्या दिवशी, कारण व्यवहार त्याच दिवशी वाढलेले असतात. या क्षेत्रासाठी माणसे आणि प्रोग्राम घडवणाऱ्या केंद्रांकडून राष्ट्राने किती नवउद्योग सुरू झाले एवढेच विचारावे, हे पुरेसे नाही.

विद्यापीठातला प्रोग्राम एकदाच वापरून फेकायचा असतो, त्याला इतकी शिस्त कशाला, हा तिसरा आक्षेप. त्याला उत्तर आर भाषेच्या जगाने देऊन ठेवले आहे. आरच्या सार्वजनिक भांडारात 20,000 हून अधिक संच आहेत, बहुतेक विद्यापीठीय माणसांनी फावल्या वेळात लिहिलेले. तरीही ज्यांत सी किंवा सी++ आहे असे संच तिथे व्हॅलग्रिंड आणि सॅनिटायझर यांच्याखाली चालवले जातात. प्राग येथील टोमास कालिबेरा यांचे ‘आरचेक’ हे साधन तर इंटरप्रिटरच्या कचरावेचकापासून वस्तू राखून ठेवायची कोण विसरले ते प्रोग्राम न चालवताच शोधते. दोष सापडला की कर्त्याला पत्र जाते, मुदत दिली जाते आणि दुरुस्ती झाली नाही तर संच भांडारातून हटवला जातो. या भांडाराच्या उद्धटपणाविषयी जगभरचे प्राध्यापक कुरकुरतात, आणि त्याच भांडारातल्या संचांवर निर्धास्तपणे प्रबंध लिहितात. बहुसंख्य स्वयंसेवकांवर चालणाऱ्या व्यवस्थेला जे जमते ते 4,500 कोटी रुपयांच्या राष्ट्रीय महासंगणन अभियानाला का जमू नये?

विलंब आता महागही पडणार आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये आलेल्या पायथन 3.13 मध्ये, एका वेळी एकाच धाग्याला इंटरप्रिटर वापरू देणारे जुने कुलूप काढण्याची सोय प्रयोग म्हणून दिली गेली. असंख्य सी-संच त्या कुलपाच्या भरवशावर लिहिलेले आहेत. दोन धागे एकाच वस्तूची मोजणी एकाच क्षणी बदलणार नाहीत, हे गृहीत कुलपाबरोबर जाते. कुलूप काढलेल्या रूपात मेमरीची किरकोळ वाटणी करणाराही बदलतो, म्हणजे तिथे कालचा स्वच्छ अहवाल आज शिळा झाला. अनेक गाभ्यांची महागडी यंत्रे घेतलेल्या संस्था सर्वांत आधी हीच सोय वापरायला धावतील.

त्यामुळे मागणी मोठी नाही. सार्वजनिक पैशातून लिहिलेल्या आणि ज्याच्या आकड्यावर शोधनिबंध किंवा शासकीय निर्णय उभा आहे अशा प्रत्येक प्रोग्रामसोबत एक पान असावे: इंटरप्रिटरची आवृत्ती कोणती, मेमरीची किरकोळ वाटणी बंद करून तपासले का, कोणत्या साधनाखाली, किती फेऱ्या, आणि वगळलेल्या तक्रारींची फाईल जशीच्या तशी. त्या पानावर सही प्रोग्राम लिहिणाऱ्याची नसावी. त्या सहीचा पगार प्रकल्पाच्या मंजुरीतच वेगळा धरावा, जेणेकरून निधी अपुरा पडला की आधी तोच कापला जाणार नाही. भिलाईच्या प्रत्येक रुळावर तो कोणत्या भट्टीच्या कोणत्या ओतीचा आहे तो क्रमांक तापलेल्या धातूवरच उमटवलेला असतो. तीस वर्षांनी रूळ तुटला तरी त्या ओतीची वही उघडता येते. महासंगणकाच्या पुढच्या उद्‌घाटनाला जाणाऱ्या वार्ताहराने पेटाफ्लॉपचा आकडा लिहून घेतल्यावर ही वही कुठे ठेवली आहे, एवढे विचारावे.